धबधब्याचे छायाचित्रण : काही निश्चित परिमाणे

आंबोलीच्या वा ठोसेघरच्या प्रपाताची धार रेशमासारखी तलम उमटावी अशी ज्याची मनीषा असेल, त्याने कॅमेरा तिपाईवर स्थिर करून, आयएसओ १०० ठेवून, शटर अर्धा ते एक सेकंद उघडे राहील अशी तजवीज करावी. उलट, उसळते तुषार सुटे टिपावयाचे असल्यास १/५०० सेकंद वा त्याहूनही अल्प अवधी मुक्रर करावा. मेघाच्छादित आकाशाचा सौम्य प्रकाश तलम धारेच्या चित्रणास विशेष अनुकूल होय. प्रकाश प्रखर असल्यास, तो एक-अष्टमांशावर आणणाऱ्या एनडी फिल्टरने १/१५ सेकंदाचा अवधी सुमारे अर्ध्या सेकंदापर्यंत वाढविता येतो, तर पोलरायझर ओल्या कातळावरील चकाकी कमी करतो. वर्षाकाळी ओघ अकस्मात फुगतो. म्हणून चित्राच्या मोहाने कठड्यापलीकडे पाऊल कदापि टाकू नये.