दाविदाचा विलाप व त्याचें निमित्त

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा ज्येष्ठ पुत्र हेन्री हा १६१२ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या १८ व्या वर्षीं वारला. सतराव्या शतकाच्या प्रारंभीं दाविदाच्या पुत्रशोकावर एकाहून अधिक इंग्रजी रचनाकारांनीं समूहगीतें रचिलीं, तीं याच मृत्यूमुळें, असें पुष्कळ अभ्यासक मानितात. या मताचा येथें थोडा विचार करूं.

यांपैकीं टॉमस टॉमकिन्स याचें पांच आवाजांचें गीत १६२२ त छापलें गेलें. शब्द बायबलांतील एकाच वचनाचे. बंडखोर पुत्र अबशालोम मारला गेल्याचें ऐकून राजा दावीद वेशीवरील खोलींत जाऊन रडतो. पुत्राला मारलेली हांक एका आवाजाकडून दुसऱ्याकडे जात पुनःपुन्हां उठते. पुनरुक्ति एरव्हीं दोष. परंतु अनुकंपादिकांचा अतिशय सांगावयाचा असतां ती दोष नव्हे, असें दंडीनें ‘काव्यादर्शां’त म्हटलें आहे. तोच न्याय येथें लागतो.

परंतु गीतांत हेन्रीचें नांव नाहीं. अबशालोम पित्यावर उठलेला. हेन्री तसा नव्हता. शिवाय टॉमकिन्सनें हें गीत अर्पण केलें तें टॉमस मायरिएल या संग्राहकास. मायरिएलनें सिद्ध केलेल्या व १६१६ हें वर्ष असलेल्या सहा स्वरपोथ्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. त्यांचें लॅटिन नांव ‘दुःखावरील औषध’ या अर्थाचें आहे.

सारांश, शोक गीतांत प्रत्यक्ष आहे; निमित्त मात्र अनुमानाचें. पोथींतील करुणरसावरून तिची मिति ठरवूं नये, असें आम्हांस वाटतें.