बाळ म्हणते, "माझं मी!"

मूल वर्षाचे होते. पाऊल टाकू लागते. घरातल्या सगळ्यांना आनंद होतो. आई म्हणते, "सुटले बाई! आता कडेवर घ्यायला नको."

पण काम काही कमी होत नाही. उलट ते वाढते. मूल दोन वर्षांचे होत आले, की घरात रोज नवी कटकट सुरू होते. झबले घालायला जावे, तर ते पळते. घास भरवावा, तर तोंड फिरवते. हात धरावा, तर हिसडा देते. कालपर्यंत "ये" म्हटले की येणारे पोर आज "नाही" म्हणते.

मग घरचे लोक म्हणतात, "फार हट्टी झालंय. लाडानं बिघडलंय. दोन धपाटे घाला, म्हणजे सुधारेल."

खरेच का मूल बिघडले?

नाही. मूल वाढते आहे. कसे ते पाहू.

मूल काय शिकत असते?

गाईचे वासरू जन्मल्यावर तास-दोन तासांत उभे राहते. माणसाच्या मुलाला चालायला साधारण एक वर्ष लागते. काही मुले सव्वा वर्षाने चालतात, काही दीड वर्षाने. त्याची काळजी नको. दीड वर्ष उलटले आणि मूल आधाराशिवाय चालत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

पाय आले, की मुलाला जग मोठे होते. हंड्यात काय आहे? कोंबडी कुठे गेली? कडी कशी उघडते? सगळे त्याला हाताने पाहायचे असते. आपण त्याला 'उचापती' म्हणतो. मुलाची ती शाळाच असते.

दोन वर्षांचे मूल दोन-दोन शब्द जोडून बोलते. "आई ये." "पाणी दे." त्याला आपले बोलणे पुष्कळ समजते. पण आपल्या मनातले सगळे त्याला सांगता येत नाही. शब्द अपुरे पडतात. मग राग येतो. राग कसा आवरावा, हे त्याला अजून कळत नाही. म्हणून ते रडते, ओरडते, जमिनीवर लोळण घेते.

याच वयात त्याला आणखी एक गोष्ट उमगते. आई वेगळी आणि मी वेगळा. आईच्या मनात एक, माझ्या मनात दुसरे. हे कळले, की ते 'नाही' म्हणून पाहते. 'माझं मी' म्हणून पाहते. हे मुलीलाही होते आणि मुलालाही होते. मुलाने हट्ट केला तर "मर्द आहे गडी" म्हणायचे आणि मुलीने केला तर "सासरी कसं होणार हिचं" म्हणायचे, हे बरे नव्हे. दोघांची वाढ सारखीच.

एक सकाळ

असे समजा, की एका घरात सकाळची घाई चालली आहे. आईला खुरपणीला जायचे आहे. मुलगी अडीच वर्षांची आहे. ती चड्डी हातात घेऊन बसली आहे. दोन्ही पाय एकाच भोकात घालते आहे.

आई म्हणते, "आण इकडं, मी घालते."

मुलगी ओरडते, "नाही! माझं मी!"

"आत्याबाई, बघा की हिचं! तिकडं बायका निघाल्या."

आजी म्हणते, "सूनबाई, तू भाकरी बांधून घे. तंवर ही घालंल." मग आजी नातीजवळ बसते. चड्डी नीट धरते. "हं, हा पाय हिकडं. आता दुसरा. आता वर वढ बघू!"

मुलगी चड्डी वर ओढते. उलटी असेल, वाकडी असेल. पण तिची तिने घातली. तिचे तोंड फुलते.

आईने ओढून घातली असती, तर काय झाले असते? मुलगी पाय झाडून रडली असती. तिला शांत करण्यात जास्त वेळ गेला असता. आणि उद्या पुन्हा तेच. आजीने थोडा वेळ दिला. रोज असा थोडा वेळ मिळाला, तर काही महिन्यांत मुलगी आपली चड्डी आपण घालू लागेल. मग आईचे एक काम कायमचे कमी होईल.

जेवणाचेही तसेच. मुलाला वेगळी वाटी द्यावी. वरणात भाकरी कुस्करून द्यावी. हाताने खाऊ द्यावे. सांडेल. खाली जुने पोते अंथरावे. मुलाचे पोट लहान असते. त्याला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. पोट भरले, की ते तोंड फिरवते. तेव्हा नाक दाबून घास कोंबू नये. किती खावे, हे मुलाचे पोट त्याला सांगते.

'नाही' कुठे म्हणावे?

मग मुलाला सगळेच करू द्यावे काय? नाही. काही ठिकाणी आईबापांनी घट्ट राहिले पाहिजे. तिथे मुलाचा जीव जाऊ शकतो.

पाणी : लहान मूल चार बोटे पाण्यातही बुडून मरते. ते बादलीत डोके खाली होऊन पडते. त्याला वर येता येत नाही, ओरडताही येत नाही. म्हणून बादली रिकामी करून पालथी ठेवावी. हौद झाकावा. विहिरीला कठडा आणि शेततळ्याला कुंपण घालावे.

विस्तव : चूल उंच ओट्यावर असावी. आधणाचे पातेले जमिनीवर ठेवू नये. मूल भाजले, तर भाजलेल्या जागेवर लगेच साधे स्वच्छ पाणी वीस मिनिटे ओतत राहावे. हळद, तेल, शाई, दंतमंजन लावू नये. मग दवाखान्यात न्यावे.

विष : फवारणीच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो. पण ते विषच. ते आणि रॉकेल कधीही सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरू नये. मुलाला बाटली ओळखीची वाटते, ते तोंडाला लावते. या वस्तू कुलुपात ठेवाव्यात. मूल चुकून प्यायले, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. ती बाटली बरोबर घ्यावी आणि तडक दवाखाना गाठावा. महाराष्ट्रात १०८ या नंबरावर फोन केला, की सरकारी रुग्णवाहिका येते. तिला पैसे पडत नाहीत.

घशात अडकणाऱ्या वस्तू : अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, नाणी. शेंगदाणा श्वासाच्या नळीत गेला, तर मूल गुदमरते. पाच वर्षांखालच्या मुलाला शेंगदाण्याचे कूट द्यावे, अख्खा दाणा देऊ नये.

आता पाहा. धोक्याच्या वस्तू आपणच दूर ठेवल्या, तर दिवसभर "नको, नको" म्हणावे लागत नाही. उठता-बसता 'नको' म्हटले, तर मूल ऐकेनासे होते. मोजक्या वेळी म्हटले, तर ऐकते.

मुलाने लोळण घेतली तर?

बाजारात मुलाने फुग्यासाठी लोळण घेतली. चार लोक बघतात. आईला लाज वाटते. ती एक तर मारते, नाही तर फुगा घेऊन देते. मारले, तर मूल भिते, पण शिकत नाही. रडल्यावर फुगा मिळाला, तर ते एवढेच शिकते, की रडले म्हणजे मिळते.

मग काय करावे? मुलाला बाजूला घ्यावे. त्याला लागणार नाही असे पाहावे. जवळ बसावे. आवाज चढवू नये. "तुला फुगा हवा होता. आज घ्यायचा नाही," एवढेच सांगावे. भर ओसरला, की पोटाशी धरावे.

बागुलबुवाची, पोलिसाची, डॉक्टरच्या सुईची भीती घालू नये. ज्याची भीती घातली, त्याच डॉक्टरकडे उद्या न्यावे लागते. रडणे थांबवायला मोबाईलही हातात देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की दोन वर्षांखालच्या मुलाला पडद्यापुढे बसवू नये. त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास.

पुष्कळ भांडणे आधीच टळतात. मूल भुकेले किंवा पेंगुळलेले असले, तर जास्त चिडते. ती वेळ सांभाळावी. "अंघोळ करतोस का?" असे विचारले, तर "नाही" येणारच. त्यापेक्षा विचारावे, "तांब्या तू धरतोस, की साबण धरतोस?" अंघोळ होते आणि मुलाचा मानही राहतो.

आणखी एक. घरात सगळ्यांचे बोलणे एक असावे. आईने "नाही" म्हणायचे आणि बापाने गुपचूप द्यायचे, असे झाले तर मूल गोंधळते. रात्री मूल निजल्यावर घरच्यांनी बसून ठरवावे. मूल सांभाळणे बापाचेही काम आहे. संध्याकाळी अर्धा तास त्याने मुलाला बरोबर घेऊन गुरांना वैरण टाकावी.

मुलाला काम द्या

लहान मुलाला काम आवडते. अडीच-तीन वर्षांचे मूल कांदे टोपलीत भरते. वाटी नेऊन ठेवते. कोंबड्यांना दाणे टाकते. त्याच्या हाताला येईल अशी खुंटी भिंतीत ठोकावी. आपले कपडे ते आपण अडकवील. छोटा पेला द्यावा. आपले पाणी ते आपण पिईल.

हे मोठ्या जाणत्या बायांनी करून दाखवले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी गावात खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या बरोबर होत्या. १९५७ पासून हे काम कोसबाडला चालले. ही गावे आज पालघर जिल्ह्यात आहेत. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी बालवाडी आदिवासी पाड्यांवर, मुलांच्या अंगणात नेली. महागडी खेळणी आणली नाहीत. खडे, बिया, शिंपले, पाने यांवरच मुले शिकली. पुढे १९७५ साली सरकारने देशभराची बालविकास योजना सुरू केली. तिच्या अंगणवाड्या आज गावोगाव आहेत. तीन वर्षांचे मूल तिथे बसवता येते. त्याहून लहान मुलाचे वजन आणि खाऊ यांसाठीही अंगणवाडीताईकडे जावे.

आज मूल म्हणते, "माझं मी!" उद्या तेच मूल शाळेत एकटे जाईल. पुढे आपले शेत, आपला संसार आपण सांभाळील. 'माझे मी करीन' ही हिंमत एका दिवसात येत नाही. ती वाकड्या चड्डीपासून आणि सांडलेल्या वरणापासून येते.

विचार करा

१. तुमच्या घरात फवारणीचे औषध कुठे ठेवले आहे? मुलाचा हात तिथे पोचतो का?

२. काल तुम्ही मुलाला किती वेळा "नको" म्हणालात? त्यातले किती 'नको' खरे गरजेचे होते?

३. तुमचे मूल आपले आपण करू शकेल, असे एक काम कोणते? उद्यापासून ते त्याला करू द्या.