माशालाही लस टोचतात!

लेकराला लस द्यायची म्हटले की आई सकाळीच दवाखान्यात रांग लावते. पण माशालाही लस टोचतात, असे सांगितले तर घरचे हसतील. वर्धा जिल्ह्यातील गावतलाव आणि शेततळ्यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांनी मात्र हे हसण्यावारी नेऊ नये. पावसाळ्यात उसनवारी करून बोटुकली सोडली आणि एके सकाळी मेलेले मासे पाण्यावर तरंगताना दिसले, तर त्या घराचे सारे वर्ष बुडते.

माशांचे काही रोग जंतूंमुळे होतात, काही परजीवींमुळे, तर काही विषाणूंमुळे. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. घाबरून ते तळ्यात ओतले तर पैसा जातो आणि मासाही वाचत नाही. म्हणून रोगाआधीच लस द्यायची. मारलेला किंवा दुबळा केलेला विषाणू, नाहीतर त्याचा एखादा भाग माशाच्या अंगात गेला, की शरीर त्याला ओळखून ठेवते. मोठ्या माशाला गुंगी देऊन पोटात सुई टोचतात. बारीक पिलांना लसीच्या पाण्यात बुडवून काढतात.

चीनमध्ये गवत्या माशाच्या विषाणूरोगावर अशी लस फार वर्षांपासून वापरात आहे. आपल्याकडे जिताड्याच्या पिलांच्या मेंदूवर व डोळ्यांवर हल्ला करणाऱ्या विषाणूवर चेन्नईच्या केंद्रीय संशोधन संस्थेने 'नोडावॅक-आर' ही लस तयार केली. पण जिताडा खाडीकाठचा. आपल्या तळ्यातल्या रोहू, कतला, मृगळ यांच्यासाठी विषाणूची लस बाजारात मिळत नाही. शिवाय हजारो बोटुकल्यांना एकेक सुई टोचणे गरिबाला परवडणार कसे?

मग आपली लस कोणती? तर खबरदारी!

बीज खात्रीच्या केंद्रातूनच घ्या. सुस्त किंवा जखमा असलेली बोटुकली परत करा. उन्हाळ्यात तळे आटले की तळ वाळू द्या आणि चुना टाका. बोटुकलीची दाटी करू नका. दुसऱ्या तळ्यावरचे जाळे धुऊन, कडक उन्हात वाळवूनच आपल्या पाण्यात टाका. मेलेले मासे पाण्यात राहू देऊ नका, खड्ड्यात चुना टाकून पुरा.

तिलापिया पाळणाऱ्यांनी अधिक जपावे. त्या माशाचा घातक विषाणू भारतात आढळल्याची नोंद २०१८ साली झाली आहे.

मासे अचानक मरू लागले तर लपवू नका. त्याच दिवशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. एकाने लपवलेला रोग ओढ्याच्या पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या तळ्यात जातो. वेळेवर कळवले, तर निदान त्याचे घर तरी वाचेल.