खांदा-कंबर धरलीय? भूल देणाऱ्या डॉक्टरकडेही जाता येतं



बड्या तलावावर जाळं ओढणाऱ्या आपल्या एका काकांचा खांदा दोन वर्षं दुखत होता. रोज सकाळी मेडिकलवरून आणलेली गोळी गिळायची आणि नावेत बसायचं. शेवटी पोटात आग व्हायला लागली. हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लागणार नाही म्हणून सांगितलेलं. मग जायचं कुणाकडे?

मलाही माहीत नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, भूलतज्ज्ञाकडे.

आपल्याला वाटतं, हा डॉक्टर ऑपरेशनला फक्त झोपवतो. पण कुठली नस कुठून जाते, कुठे औषध सोडलं की कळ थांबते, हे त्याचंच शिक्षण. अमेरिकेतले जॉन बोनिका भूलतज्ज्ञच होते. शिक्षणाच्या पैशासाठी कुस्त्या खेळले, त्यात अंग कायमचं दुखावलं, आणि १९५३ साली दुखण्याच्या उपचारांवर मोठा ग्रंथ लिहिला. अंगमेहनतीचं दुखणं त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती!

भोपाळात हमीदिया किंवा साकेत नगरच्या एम्समध्ये गेलात तर ‘भूल’ शब्द कुणाला कळणार नाही. हिंदीत ‘निश्चेतना विभाग’ म्हणतात. खिडकीवर विचारा, पेन क्लिनिक आहे का, कुठल्या वारी बसतं? एम्सचा नंबर सरकारच्या ओआरएस वेबसाइटवरून घरबसल्याही लावता येतो. पोरांना सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

खासगीत जात असाल तर पाटी नीट वाचा. एमबीबीएसनंतर अनेस्थेशियात एमडी, डीएनबी किंवा डीए हवं, आणि दुखण्याच्या उपचाराचं प्रशिक्षण कुठे घेतलं तेही विचारा. मेडिकल कौन्सिलचा नोंदणी नंबर विचारायला लाजू नका. सुई टोचणार असतील तर औषध कुठलं, सोनोग्राफी किंवा एक्स-रेवर बघून देणार का, खर्च किती, हे आधी विचारा. ‘एका सुईत कायमचा आराम’ म्हणणाऱ्याकडून मी तरी सरळ उठून येईन.

एक गोष्ट खास भोपाळची. डिसेंबर १९८४ च्या गॅसरात्री जे इथे होते, त्यांनी कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला ते स्वतःहून सांगावं. दम लागतो का, पंप घेता का, सगळं. फुप्फुस कमजोर असेल तर भूल कशी द्यायची याचा वेगळा विचार करावा लागतो. गॅसपीडितांसाठीच्या भोपाळ मेमोरियल हॉस्पिटलची कागदपत्रं असतील तर सोबत न्या.

आणि कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडला, लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, तर पेन क्लिनिकच्या वाराची वाट बघू नका. त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.

काकांची रोजची गोळी बंद झालीय. खांद्याचे व्यायाम दिलेत, ते मात्र काकू मागे लागल्याशिवाय करत नाहीत. पुढच्या तपासणीला मीच सोबत जाणार आहे. कुणाला यायचं असेल तर आधी कळवा, जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन या.