सूर्यास्तापूर्वीचे पान

बँकेच्या तपासणी विभागातील अधिकाऱ्याचे निम्मे आयुष्य दुसऱ्यांच्या खातेवह्या चाळण्यात जाते आणि उरलेले जेवण कोठे मिळेल या विवंचनेत. त्यातून तो कंदमूळ न खाणारा आणि सूर्यास्तापूर्वी पान वाढून घेणारा असला, तर सहकाऱ्यांच्या करमणुकीचा विषयच होतो. ‘‘नोकरीत राहून हे चालायचे नाही,’’ असे मला पहिल्याच दौऱ्यावर ऐकवण्यात आले होते. घरून निघताना खाकरे, दशम्या आणि सुकामेव्याचा डबा बरोबर असे. परंतु तपासणी तीन-तीन आठवडे चालते आणि डबा चार दिवसांत संपतो. पाचव्या दिवशी गावात विचारपूस सुरू होई. आज आपल्या घरांतील मुले-मुली दुकानाची गादी सोडून कंपन्यांच्या कामासाठी गावोगाव हिंडतात आणि हीच अडचण मला सांगतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की माझ्या स्मरणातली उत्तमोत्तम जेवणे त्या विचारपुशीतूनच लाभली. नियम नसता तर मी स्टेशनासमोरच्या पहिल्या हॉटेलात शिरलो असतो.

जयपूरला मी पहिल्यांदा गेलो तो श्रावणात. पावसाळ्यात पालेभाजी नाही आणि आठम-चौदशीला हिरवी भाजीच नाही. मग परगावी खायचे काय, ही चिंता मुंबईहूनच सोबत आली होती. जोहरी बाजारातील लक्ष्मी मिष्टान्न भांडारात ती एका जेवणात फिटली. तेथल्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण येत नाही. बटाट्यापुरते मात्र विचारून घ्यावे लागते. पानात गट्टे, मुगाच्या मंगोड्या, केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या झाडाच्या शेंगा, वाळवून वर्षभर ठेवलेल्या. पाण्याच्या दुष्काळामुळे त्या मुलखाने बेसन, मूग आणि वाळवणे यांवर सारी पाककला उभी केली आणि आमच्या तिथीचे पान तेथे आयतेच तयार होते! शेवटी घेवर. थंड पाण्यात तूप फेटून केलेले मैद्याचे पातळ पीठ उकळत्या तुपात उंचावरून धार धरून सोडतात. त्याची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी चढते, आणि दमट हवेत ती कोरडी पडत नाही म्हणून घेवर पावसाळ्यात चांगला, असे तेथील लोक सांगतात. पनीरचा थर दिलेला घेवर मात्र तेथेच आणि त्याच दिवशी खावा.

इंदूरविषयी थोडक्यात उरकतो. तेथला सराफा प्रसिद्ध आहे. पण सोन्याची दुकाने बंद झाल्यावर रात्री तेथे खाण्याची दुकाने लागतात, आणि चौविहार पाळणाऱ्याने तेथे केवळ फेरफटका मारावा. सकाळचे पोहे-जिलेबी तेवढे आपले. पोह्यांत कांदा वरून घालतात, तो नको म्हणून सांगितले की झाले.

बेंगळुरूची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. लालबागेजवळचे मावळ्ळी टिफिन रूम, म्हणजेच एमटीआर, 1924 साली उडुपीकडून आलेल्या मय्या बंधूंनी सुरू केले. एके काळी गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरातूनच जेवणघरात जावे लागे. आधी स्वच्छता पाहा, मग बसा! आपल्यासारख्या दहा प्रश्न विचारणाऱ्याला याहून मोठे आश्वासन कोणते? दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला, तेव्हा तांदळाऐवजी रवा घेऊन त्यांनी इडली केली. रवा इडलीचा जन्म तेथला मानतात. ती दह्यात भिजवून लगेच उकडतात, रात्रभर आंबवावी लागत नाही. वासी पीठ ज्यांच्याकडे चालत नाही, त्यांना हे सोयीचे आहे. (द्विदल कटाक्षाने पाळणाऱ्यांनी फोडणीतल्या डाळीची चौकशी करावी.) सोबतच्या सागूत बटाटा असतो; ती वाटी मी नम्रपणे परत करीत असे आणि तुपाच्या वाटीवर माझी इडली पार पडे.

आणीबाणीत खाद्यपदार्थांच्या दरांवर सरकारी मर्यादा आली. त्या दरात आपल्या प्रतीचा माल देता येत नाही, असे पाहून मालकांनी प्रत उतरवली नाही. उपाहारगृहच बंद केले. हाताखालच्या माणसांना काम राहावे म्हणून मसाले आणि तयार पिठे पाकिटांतून विकण्यावर भर दिला. तो व्यवसाय इतका वाढला, की 2007 मध्ये नॉर्वेतील ऑर्क्ला कंपनीने तो विकत घेतला. पुन्हा उघडलेले उपाहारगृह मात्र कुटुंबाने आपल्याकडे ठेवले. कर्जप्रस्तावांवर शेरे मारण्यात हयात गेलेल्या माणसाला ही हकीकत रवा इडलीइतकीच रुचकर वाटते.

तेथे रविवारी ‘चंद्रहार’ नावाचा गोड पदार्थ मिळे. मैद्याच्या पारीची घडी तुपात तळून खुसखुशीत केलेली, वर आटवलेल्या खव्याचे दाट, गोड आवरण. पूर्वी त्याला ‘फ्रेंच स्वीट’ असे नाव होते आणि तेव्हा तो खपत नव्हता, असे सांगतात. नाव बदलले आणि मागणी वाढली. त्या शहरातील तपासणीत मी रविवारी कोणाचेही आमंत्रण स्वीकारीत नसे.

धारवाडला लाइन बाजारात ठाकूरांचा पेढा मिळतो. उत्तर प्रदेशातील उन्नावहून प्लेगच्या साथीमुळे निघालेले हे कुटुंब 19 व्या शतकात येथे स्थिरावले. रंगाने तपकिरी, वरून पिठीसाखरेत घोळवलेला हा पेढा पांढऱ्या पेढ्याच्या जातीचाच वाटत नाही. म्हशीच्या दुधाचा खवा साखर घालून तांबूस होईपर्यंत परतत राहणे, एवढेच त्याचे रहस्य. आमच्या घरचा दंडक असा, की कच्चा खवा दुसऱ्या दिवशी चालत नाही. चांगला लाल भाजलेला चालतो. त्यामुळे धारवाडहून आणलेला पेढा आईच्या परीक्षेत निर्वेधपणे उत्तीर्ण होई. दिवसाचा माल संपला की दुकान बंद. रांगेतला माणूस रिकाम्या हाताने परतला तरी दुसरी कढई चढत नाही. त्याच शहरात मिश्रांनी पेढ्याचा व्यवहार अनेक शाखांतून वाढवला, आणि तोही उत्तम चालतो. मला पसंत कोणता, असे विचाराल तर जीभ ठाकूरांकडे ओढते. पण अशा दुकानदाराला कर्ज देण्याचे भाग्य बँकेच्या नशिबी नसते.

खरी कसोटी कोलकात्यात लागली. डिसेंबरात मुंबईला सूर्य 6 नंतर मावळतो, कोलकात्यात 5 च्या सुमारास. घड्याळ दोन्हीकडे एकच. कामकाज ऐन रंगात असताना तेथे माझ्या जेवणाची वेळ टळून जाई. पहिले दोन दिवस मी फळांवर काढले. तिसऱ्या दिवशी शाखेतील वयस्क हेड कॅशियरांच्या ते लक्षात आले. ‘‘साहेब, आमच्याकडे सूर्य बँकेच्या आधी बंद होतो,’’ असे म्हणून त्यांनी स्वतःच तोडगा काढला. सकाळी साडेआठला मला शाखा उघडून मिळावी, पावणेचारला मी उठावे आणि परत येऊन हवे तितका वेळ बसावे. व्यवस्थापकांनी हरकत घेतली नाही. बंगाली ‘निरामिष’ स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो. परंतु बटाट्यावाचून त्यांचे चालत नाही. म्हणून ते मला बडाबाजारातील एका बाशात घेऊन गेले. बासा म्हणजे घर सोडून आलेल्या मारवाडी व्यापाऱ्यांची खानावळ. तुपाचे फुलके, मुगाची डाळ, गट्टे, पापडाची भाजी. वाढणाऱ्याने काही विचारायच्या आत सांगितले, ‘‘आल्याऐवजी सुंठ आहे.’’ हजार कोसांवर हे वाक्य ऐकून मला भरून आले.

जेवणानंतर चारच्या सुमारास रसगुल्ला. 1868 मध्ये बागबाजारच्या नवीनचंद्र दासांनी तो केला, असे बंगाली मानतात. ओडिशाला हे मान्य नाही, आणि भौगोलिक मानांकन बंगालला 2017 मध्ये व ओडिशाला 2019 मध्ये, असे दोघांनाही आपापल्या प्रकारासाठी मिळाले. लोककथा अशी, की भगवानदास बागला नावाच्या मारवाडी व्यापाऱ्याची गाडी पाण्यासाठी त्या दुकानापाशी थांबली, मुलाला रसगुल्ला आवडला आणि शेठजींनी भरपूर खरेदी करून तो मित्रमंडळींत पोहोचवला. नवीनचंद्रांचे पुत्र कृष्णचंद्र यांनी 1930 मध्ये तो हवाबंद डब्यात घालून दूरदेशी धाडण्याची सोय केली. त्याच दिवशीच्या छेन्याचा, कोमट, पातळ पाकातला रसगुल्ला दाताखाली किंचित करकरतो. तो मी मातीच्या भांडात, सूर्याकडे एक डोळा ठेवून, तीन आठवडे खाल्ला.

निघताना मी दोन डबे घेतले. हेड कॅशियरांनी त्यातील वस्तूला रसगुल्ला म्हणण्यास साफ नकार दिला. दीड दिवसाच्या रेल्वेप्रवासानंतर ते घरी पोहोचले, तेव्हा आईने डब्यावरची तारीख माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली आणि दोन्ही डबे शेजारच्या मुलांना देऊन टाकले.