सकाळी मूठ वळत नाही? फक्त ‘ड’ जीवनसत्त्वावर सोडून देऊ नका

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वस्त्यांमध्ये बैठका घेताना आम्हाला एक तक्रार हमखास ऐकू येते: “सिस्टर, सकाळी उठलं की मूठच वळत नाही.” विचारलं तर कळतं, ‘ड’ जीवनसत्त्व कमी आहे म्हणून कुणी पुड्या दिल्या, कुणी इंजेक्शन दिलं, आणि वर्ष तसंच गेलं. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

आपल्या शरीरातल्या संरक्षक पेशी बाहेरून आलेल्या जंतूंशी लढतात. कधी कधी त्या चुकतात आणि आपल्याच अवयवांवर हल्ला करतात. याला स्वयंप्रतिकार रोग म्हणतात. आमवात (रुमॅटॉइड), ल्युपस, सोरायसिस, लहान मुलांना होणारा टाइप १ मधुमेह हे त्यातलेच. ‘ड’ जीवनसत्त्व हाडांसाठी लागतंच, पण या पेशींना आवर घालायलाही ते मदत करतं.

अमेरिकेत २५,८७१ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. साधारण ५ वर्षं रोज २,००० युनिट ‘ड’ घेणाऱ्या गटात १२३ जणांना असे रोग झाले, न घेणाऱ्या गटात १५५ जणांना. म्हणजे धोका सुमारे २२ टक्के कमी झाला. पण लक्षात घ्या, हा फायदा रोग टाळण्याचा आहे. झालेला आमवात पुडीने बरा होतो, असं यातून सिद्ध होत नाही.

समुद्रकाठी एवढं ऊन, मग कमतरता का? घरं दाटीवाटीची, दिवसभर काम आत, बाहेर पडताना अंग झाकलेलं, आणि पावसाळ्यात चार महिने ढग. सकाळच्या कोवळ्या उन्हात हे जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही. साधी खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा छोटी असेल तेव्हाचं ऊन कामाचं. हात-पाय उघडे ठेवून १५ ते ३० मिनिटं पुरे. काचेतून आलेलं ऊन चालत नाही. मे महिन्याच्या कडक उन्हात जपून. ज्यांना ल्युपस आहे त्यांनी ऊन टाळावं, त्यांचा आजार उन्हाने वाढतो. जेवणात बांगडा, तारली आणि अंड्याचा पिवळा बलक ठेवा.

६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढतं. उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान लागते, मूत्रपिंडही बिघडतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी नको, इंजेक्शनही नको.

डॉक्टरांकडे कधी जायचं? दोन्ही हातांची बोटं किंवा मनगटं सुजली असतील, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत असेल आणि हे सहा आठवडे चाललं असेल, तर थांबू नका. गालांवर लाल चट्टे, तोंडात वारंवार फोड, केस गळणं ही ल्युपसची खूण असू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, पुढे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागा. आमवाताची औषधं लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात. उशीर झाला तर वाकडी झालेली बोटं पुन्हा सरळ होत नाहीत.

रविवारी विहारात जमाल तेव्हा शेजारच्या आजीला, काकूला एवढंच विचारा: सकाळी मूठ वळते ना?