बिनतारी निरोपाची वाट

सोलापूर जिल्ह्यात पाऊस मुळातच कमी आणि तोही लहरी. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या तालुक्यांतील डाळिंबाची बाग म्हणूनच ठिबकच्या पाण्यावर अवलंबून असते. पाण्याचा मेळ चुकला की फळे तडकतात आणि हवेतील दमटपणा वाढला की तेल्या रोगाचे भय उभे राहते. जमिनीची ओल व हवेचा दमटपणा मोजणारी बिनतारी यंत्रे बागेत बसविल्यास ही माहिती वेळेवर मिळू शकते. नाशिककडील द्राक्षमळ्यात मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने असा प्रयोग पूर्वीच केलेला आहे. परंतु मोजणी सोपी. मोजलेला आकडा शेतघरापर्यंत पोचविणे अवघड.

अशा प्रत्येक यंत्राच्या ठाण्यात लहानशी बॅटरी असते आणि तिची बरीचशी शक्ती निरोप धाडण्यात खर्ची पडते. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की लागणारी शक्ती चौपट होते. झाडांच्या दाटीत ती त्याहून अधिक लागते. म्हणून मोठ्या बागेत दूरच्या ठाण्याने एकच लांब उडी न घेता शेजारच्या ठाण्याच्या हाती निरोप द्यावा, हे हिताचे.

शेजारी अनेक असता निरोप कोणाच्या हाती द्यावयाचा? टपालखात्याने हा प्रश्न आपल्या परीने सोडविला. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनुसार १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. सांगोल्याचा पिन ४१३३०७ आहे. नागपूरच्या टपाल कर्मचाऱ्यास सांगोल्यातील गल्ल्या ठाऊक असण्याचे कारण नाही. पहिले अंक पाहून तो पत्र योग्य दिशेस लावतो. पत्त्यातच ठिकाण दडलेले असते.

बिनतारी ठाण्यांची एक पद्धत याच जातीची आहे. प्रत्येक ठाण्यास आपले स्थान, पल्ल्यातील शेजाऱ्यांची स्थाने आणि निरोप जेथे पोचवावयाचा तेथील स्थान, एवढेच ठाऊक असते. शेतघराच्या सर्वांत जवळ असलेल्या शेजाऱ्यास ते निरोप देते. तोही पुढे तसेच करतो. सगळ्या बागेचा नकाशा कोणीही बाळगीत नाही. एखादे ठाणे बंद पडले तर उरलेल्या शेजाऱ्यांतून दुसरे निवडले जाते.

अडचण येते ती शेततळ्यापाशी. तळ्याच्या भरावालगतचे ठाणेच शेतघरास सर्वांत जवळचे ठरते आणि पलीकडील ठाणे उंच भरावाआड पल्ल्याबाहेर राहते. पुढे कोणी नाही, म्हणून निरोप तेथेच अडकावयाचा. यावर ब्रॅड कार्प व एच. टी. कुंग यांनी २००० साली मांडलेला तोडगा अंधारात भिंतीला उजवा हात लावून चालणाऱ्या माणसासारखा आहे. निरोप त्या रिकाम्या जागेच्या कडेकडेने, ठाण्यामागून ठाणे, वळसा घेतो. अडकलेल्या जागेपेक्षा शेतघराच्या अधिक जवळ असलेले ठाणे लाभले की पुन्हा सरळ वाटेस लागतो.

या पद्धतीचा सारा भार स्थान अचूक असण्यावर आहे. ठाणी शेतात स्थिर असतात, त्यामुळे त्यांचे स्थान बसवितानाच एकदा नोंदविले की पुरते. मोबाइलवर मिळणारे स्थान काही मीटरांनी चुकू शकते. लगतच्या ठाण्यांमधील अंतर टेपने पडताळून घ्यावे. आंतरमशागतीच्या वेळी खांब हलविला आणि नोंद जुनीच राहिली, तर निरोप भलतीकडे जातो.

दुसरी गोष्ट बागाईतदारांच्या सहसा ध्यानात येत नाही. बहार धरण्यापूर्वी बागेस ताण देतात व पानगळ करतात. त्या उघड्या बागेत ठाणी बसविली तर सारे सुरळीत चालते. पुढे पालवी दाट झाली की पानांतील पाणी लहरी शोषून घेते आणि पल्ला आखडतो. नेमके फळ पोसत असताना काही ठाणी मुकी होतात. म्हणून अंतरे भर पालवीत तपासून ठरवावीत.

दोन एकरांच्या बागेस मात्र हा खटाटोप नको. तेथे प्रत्येक ठाण्याचा निरोप शेतघरावरील उंच खांबास थेट पोचू शकतो. ग्रामसेवकांनी अशा शेतकऱ्यास प्रथम एकच ठाणे बागेच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यात बसवून आठवडाभर पाहावयास सांगावे.